सावली घेतली, मग पाचोळा कुणाचा?

फाल्गुन सरत आला की लातूर जिल्ह्यातल्या आमच्या देवणीतले कडुनिंब पिवळे पडतात आणि बघता बघता झडून मोकळे होतात. चैत्रात तांबूस कोवळी पालवी फुटते, पाठोपाठ पांढरा मोहर येतो आणि पाऊस लागला की लिंबोळ्या पिकून पडू लागतात. आमच्या घराच्या मागच्या अंगाला असाच एक जुना कडुनिंब आहे. खोड शेजारच्या आवारात, निम्मा पसारा आमच्या पत्र्यांवर. वैशाखात पारा चाळिशीपार जातो तेव्हा मागच्या दोन खोल्या राहण्याजोग्या असतात त्या या झाडामुळे. पाला, काड्या, मोहर, लिंबोळ्या आमच्या पन्हळीत साठतात त्याही याच झाडामुळे.

पन्हळीतला पाचोळा हा काय आत्मचिंतनाचा विषय झाला, असं कुणी म्हणेल. मला तो झाला आहे, आणि त्याला कारण आहे. मोठ्या प्रसंगी माणूस चारचौघांच्या डोळ्यांसमोर असतो. तिथं नीट वागायला लोकलाजसुद्धा मदत करते. छपराच्या कडेची पन्हळ कुणाला दिसत नाही. ती साफ केली म्हणून कुणी पाठ थोपटत नाही आणि नाही केली तर पहिला पाऊस येईपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. जिथं बघणारं कुणी नाही, शाबासकी नाही आणि टाळणं सोपं आहे, तिथं मी कसा वागतो? स्वतःला तपासायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

पहिला प्रश्न मी मनाला विचारतो तो मालकीचा. उन्हाळ्यात पाहुणे आले की मी ‘आमचा लिंब’ म्हणतो. पन्हळ तुंबली की तोच ‘शेजाऱ्यांचा लिंब’ होतो. पाडव्याला त्याच झाडाची कोवळी पानं गुळाबरोबर खायची, धान्याच्या कणगीत त्याचाच सुका पाला घालायचा, पाच टक्के निंबोळी अर्काच्या फवारणीसाठी त्याच्याच लिंबोळ्या वेचायच्या आणि पत्र्यावर पाला साचला की बांधापलीकडे बोट दाखवायचं, हा कुठला न्याय? खोड कुणाच्या जागेत आहे हे सातबाऱ्यावरून ठरेल, नकाशावरून ठरेल. सावलीची नोंद मात्र कुठल्याच कागदावर होत नाही. ती घेणाऱ्यानं स्वतःच्या मनाशी ठेवायची असते. मी माझ्यापुरता हिशेब असा मांडला आहे की ज्याची सावली मी घेतली, त्याचा माझ्या छपरावर पडलेला पाचोळा माझा. यावर शेजाऱ्यांशी एका शब्दाचाही वाद घालायचा मला हक्क नाही.

दुसरा प्रश्न आळसाचा. ‘पावसानं जाईल वाहून’ हे आपण स्वतःला किती सहज सांगतो! पाऊस पाला वाहून नेतो हे खरं, पण नेतो तो पन्हळीच्या तोंडाशी. लिंबाचं पान बारीक असतं. सुटं असताना ते पाण्याबरोबर सरकतं. मोहराचा भुगा, लिंबोळ्यांचा चिकट गर, पत्र्यावरची धूळ आणि चिमण्या-कावळ्यांनी आणलेल्या काड्या यांच्याशी त्याची गाठ पडली की उभ्या पाईपच्या तोंडाशी किंवा त्याच्या पहिल्याच वळणात बोळा बसतो. मग पाणी मागं फुगतं. वीस फूट लांब, सहा इंच रुंद आणि चार इंच खोल पन्हळ काठोकाठ भरली की तिच्यात नव्वद लिटरांच्या आसपास पाणी मावतं. म्हणजे नव्वद किलो वजन, त्यात भिजलेल्या पाचोळ्याचा भार वेगळा. पन्हळीचे हूक या वजनासाठी लावलेले नसतात. ते वाकतात, पन्हळीचा उतार बिघडतो आणि दहा फुटांमागे इंचभर राखलेला उतार एकदा गेला की साफ केलेल्या पन्हळीतही पाणी थांबतं. मागं फुगलेलं पाणी पत्र्याच्या कडेखालून आत शिरतं, वाशाला लागतं, भिंतीच्या माथ्यावरून पाझरतं. वळचणीचं पाणी आढ्याला जाणं आपण म्हणीत ऐकतो. तुंबलेल्या पन्हळीखाली ते डोळ्यांनी दिसतं.

स्लॅबवाल्यांनी यातून स्वतःला वगळू नये. कठडा बांधलेल्या गच्चीवर पाणी जायला दोन किंवा तीन पाईप असतात. त्यांच्या तोंडाशी पाला अडकला की गच्चीचा हौद होतो. साचलेलं पाणी बारीक चिरांतून उतरतं, आतल्या सळईला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि काही वर्षांनी खालच्या खोलीत गिलाव्याचे पोपडे पडायला लागतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेलं पिंपळाचं बी अशाच ओल्या कचऱ्यात रुजतं. बोटभर रोप असताना ते दोन बोटांनी उपटता येतं. दोन पावसाळे दुर्लक्ष झालं की त्याची मुळं भिंतीत शिरतात आणि मग ते काढायचं तर भिंत फोडावी लागते.

इथं मला आमच्या जिल्ह्याची सगळ्यात मोठी जखम आठवते. आमच्या भागातली जुनी घरं माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. माळवदातून पाणी बाहेर टाकायला कडेला पन्हाळी बसवलेल्या असत. दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, माळवदावर नवी पांढरी माती टाकायची रीत होती. गळती थांबावी म्हणून माती टाकली जाई. जुनी माती क्वचितच उतरवली जाई. पिढ्यान्‌पिढ्यांत थर फूट-दोन फूट जाड होत गेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सरकारी आकड्यानुसार जवळपास ८ हजार माणसं गेली. चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्यावरचं ते मातीचं ओझं, यांनीच बहुतेकांना गाडलं.

त्या भूकंपाचा दोष मी कुणाच्या घरदुरुस्तीवर टाकत नाही. तसं करणं मेलेल्यांचा अपमान होईल. त्या माणसांनी आपल्याला ठाऊक असलेल्या ज्ञानानुसार घराची काळजीच घेतली होती. मला त्यातून माझ्यासाठी एक गोष्ट घ्यावीशी वाटते. छपरावर जे चढतं ते आपणहून उतरत नाही. माती असो, पाचोळा असो, मोडकी खाट असो, जुने टायर असोत, प्रत्येक वर्षी थोडं थोडं वर जातं आणि खालून ते दिसत नाही. वर टाकणं आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. उतरवण्यासाठी ठरवून चढावं लागतं. ज्या जिल्ह्यानं छपराच्या ओझ्याची एवढी मोठी किंमत मोजली, त्या जिल्ह्यात राहून मी वर्षातून दोनदा सुद्धा छपरावर नजर टाकणार नसेन, तर मी काय शिकलो?

तिसरा प्रश्न पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात शहरात जमावबंदी लावायची वेळ आली होती. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली ती दहा टँकर-डब्यांची. प्रत्येकात ५० हजार लिटर, एकूण ५ लाख लिटर पाणी. साऱ्या देशानं ती बातमी पाहिली. आता एक साधा हिशेब करू. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचं छप्पर सुमारे ९३ चौरस मीटरांचं. आपल्याकडे सरासरीचा पाऊस ८०० मिलीमीटरच्या आसपास. म्हणजे वर्षाला ७४ हजार लिटर. उडालेलं, सांडलेलं वजा करून पाचातले चार भाग धरले तरी ५९ हजार लिटर. त्या पहिल्या गाडीनं जेवढं पाणी शेकडो किलोमीटरांवरून आणलं, तेवढं आमच्या गल्लीतल्या आठ-नऊ छपरांवरून एका चांगल्या पावसाळ्यात उतरतं. त्यासाठी लागते उघडी पन्हळ, उभा पाईप, खाली टाकी किंवा बोअरशेजारचा गाळणखड्डा.

हा हिशेब मांडला की मला गप्प बसवत नाही. आपण मराठवाड्याची माणसं पाण्यावर तासन्‌तास बोलतो. धरण कुणी अडवलं, अनुशेष कुणी ठेवला, ऊस कुणी लावला, यावर आपली मतं ठाम असतात आणि त्यांतली पुष्कळशी रास्तही आहेत. पण माझ्या डोक्यावर पडणारं पाणी माझ्याच पन्हळीतून सांडून भिंती कुजवत असेल, तर त्या बोलण्याला किती वजन द्यायचं? हक्काच्या पाण्यासाठी भांडावं, जरूर भांडावं. मात्र भांडायला जाण्याआधी वाट्याला आलेलं पाणी नीट उतरवून घ्यावं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी धूळ, विष्ठा आणि पाला घेऊन येतं. ते बाहेर सोडून द्यायचं आणि छप्पर धुऊन निघाल्यावरचं पाणी साठवायचं. पन्हळीत पाचोळा कुजत असेल, तर पाणी काळपट आणि वासाचं उतरतं आणि असं पाणी बोअरमध्ये सोडणं हा जमिनीशी केलेला अपराध आहे.

चौथा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो दुसऱ्यांचा आहे. माझी पन्हळ तुंबली, तर त्रास कुणाला होतो? बहुतेक वेळा एकट्या मला नाहीच. सामाईक भिंत असली की ओल शेजाऱ्याच्या खोलीत उतरते. आणि ती खोली बऱ्याचदा देवघर असते, नाहीतर म्हाताऱ्या माणसाची झोपायची जागा असते. पन्हळ ओसंडून पाण्याची धार बोळात पडली, तर चिखलातून शाळेत जाणारी पोरं जातात. तासाभरात ५० मिलीमीटरचा पाऊस झाला, तर हजार चौरस फुटांच्या पत्र्यावरून साडेचार हजार लिटरांवर पाणी उतरतं. ते नीट वाटेनं गेलं तर गटार पेलतं. कडेवरून कोसळलं तर खालच्या घराचा पायाच उघडा करतं. गुरांच्या गोठ्यावर अशी पन्हळ असेल, तर खाली जनावर रात्रभर चिखलात उभं राहतं. ज्या गावाच्या नावानं गाई-बैलांची जात देशभर ओळखली जाते, त्या गावात तरी गोठ्याच्या वळचणीकडे कुणी दुर्लक्ष करू नये. देवणी जातीतला वानेरा प्रकार असो, बालंक्या असो की शेवरा, ओल्यात खुरं सडण्याचा आजार जात विचारून येत नाही.

आणि डास. डेंग्यू पसरवणारा एडिस डास उघड्या गटारापेक्षा असं थोडंसं, साचून राहिलेलं पाणी पसंत करतो. अंड्यापासून उडता डास व्हायला त्याला साधारण सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून तर आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं. आपण त्या दिवशी रांजण उपडा करतो, कूलर रिकामा करतो, कुंडीखालची ताटली पुसतो. डोक्यावरची पन्हळ आपल्या यादीत नसतेच. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, तेव्हा पन्हळीतलं पाणी नुसतं ओतून भागत नाही; ती घासावी लागते. हा डास फार दूर उडत नाही, शे-दोनशे मीटरांच्या घेऱ्यातच बहुधा राहतो. याचा अर्थ माझ्या पन्हळीतला डास माझ्याच गल्लीतल्या लेकराला चावणार. त्या लेकराला ताप भरला, तर तो कुणाच्या छपरावरून आला हे कधीच कुणाला कळणार नाही. मला कुणी जाब विचारणार नाही. नेमक्या याच जागी माझा विवेक जागा हवा, कारण दुसरं कुणीच तिथं पोचू शकत नाही.

पाचवा प्रश्न, वर कोण चढतं? पावसाचे ढग दिसले की धावपळ सुरू होते. नाक्यावरून रोजंदारीचा माणूस बोलवायचा, ‘जरा वरचा कचरा काढून दे’ म्हणायचं आणि खाली खुर्ची टाकून बसायचं, ही आपल्याकडची सर्रास रीत. सिमेंटचा पत्रा वरून धडधाकट दिसतो आणि पाय पडताच फुटतो. लोखंडी पत्रा ओला झाला की शेवाळावरून पाय सटकतो. घरावरून विजेची तार गेलेली असते आणि हातात लोखंडी शिडी असते. वर जाणाऱ्याला माझं छप्पर ठाऊक नसतं, मला असतं. कुठला पत्रा कुजला आहे, तार कुठून जाते, पाय कुठं टाकायचा, हे त्याला सांगणं माझं काम. शिडी खाली धरून उभं राहणं माझं काम. कंबरेला दोर, उन्हं उतरल्यावर किंवा सकाळी कोरड्यात काम, तारेजवळ शिडी नाही, पाऊस सुरू असताना मुळीच नाही, एवढं पाळता येत नसेल, तर ते काम त्या दिवशी करूच नये. ज्या पत्र्यावर माझ्या मुलाला मी चढू देणार नाही, त्यावर दुसऱ्याच्या मुलाला चढवण्याचा अधिकार मला चार पैशांनी मिळत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, झाडाचा. पन्हळ दोनदा तुंबली की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘ते झाडच काढून टाका, रोजची कटकट जाईल.’ हा मोह मला कळतो. वय वाढतं, शिडी चढायला जीव घाबरतो, कुऱ्हाडीचं काम एका दिवसाचं असतं आणि झाडूचं काम जन्मभराचं. पण मी स्वतःशी प्रामाणिकपणे बोलतो तेव्हा दिसतं, की झाडानं काही चूक केलेली नाही. पान गळणं हा त्याचा धर्म आहे. चुकतं ते माझं वेळापत्रक. माझ्या कंटाळ्याची शिक्षा पन्नास-साठ वर्षांच्या जिवाला द्यायची आणि वर तिला घराची सुरक्षितता असं नाव द्यायचं, याला माझं मन हो म्हणत नाही. मराठवाड्यात झाडं तशीच कमी. रस्ते रुंद झाले तेव्हा कडेचे वड आणि चिंचा डोळ्यांदेखत गेल्या. देवणीला आता नगरपंचायत आहे आणि नागरी भागातलं झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार परवानगी लागते, हेही ध्यानात ठेवायला हवं. पण कायद्याच्या धाकानं झाड वाचलं, तर त्यात माझं काही नाही. ते माझ्या समजुतीनं वाचावं.

फांदी पत्र्याला घासत असेल, वाळून धोक्याची झाली असेल, तर ती जरूर छाटावी. शेजाऱ्यांना विचारून, परवानगी लागत असेल तर घेऊन, हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या तोंडाशी. कावळ्यांची घरटी भरलेली असताना कोयता लावू नये. आणि छाटणी म्हणजे बुंधा सोडून सगळं उतरवणं नव्हे.

इतकं सगळं मनाशी बोलून झाल्यावर करायचं काय, ते फार थोडं उरतं. होळीनंतर लिंब झडून झाला की एकदा, आणि मृग निघण्याआधी, मेच्या शेवटी, दुसऱ्यांदा पन्हळ हातानं रिकामी करायची. खुरपं, घमेलं, जुनी केरसुणी एवढी हत्यारं पुरतात. मग वरून दोन बादल्या पाणी सोडून बघायचं. ते न थांबता पाईपच्या खालच्या तोंडातून आलं पाहिजे. पाईपच्या तोंडावर घुमटासारखी उभी जाळी बसवायची. सपाट जाळीवर पानं बसून तीच झाकण होते. लिंबोळ्या पडायच्या दिवसांत दर आठवड्याच्या कोरड्या दिवशी पन्हळीवरून एकदा नजर आणि हात फिरवायचा. दसऱ्याच्या सुमारास परतीचा पाऊस दगा देतो. त्याआधी पुन्हा एकदा. निघालेला पाला जाळायचा नाही. तो उकिरड्यात किंवा परसातल्या खड्ड्यात घालायचा. वर्षभरात त्याचं खत होतं आणि ज्या जमिनीतून झाड आलं तिलाच ते परत जातं.

मराठवाड्यानं २०१६ मध्ये पाण्याची रेल्वे पाहिली आणि २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अतिवृष्टीत बुडालेली शेतं पाहिली. आता दुष्काळ आणि पूर दोन्ही आपल्या अंगणात येणार आहेत. सरकारनं त्यासाठी काय करावं हे आपण मागत राहू आणि मागायलाच हवं. पण माझ्या छपराची कड ही सरकारची जबाबदारी नाही, शेजाऱ्याची नाही, झाडाची तर नाहीच. ती माझी आहे. जे काम टाळल्याचं ओझं दुसऱ्याच्या भिंतीवर, दुसऱ्याच्या लेकरावर किंवा मुक्या झाडावर पडतं, ते काम लहान म्हणून सोडून देता येत नाही, हा मी माझ्याशी केलेला निवाडा आहे.

तुमच्याही घरावर एखादी फांदी वाकलेली असेल. मृगाआधी एक सकाळ त्या पन्हळीसाठी काढा, शिडी धरायला घरातल्या कुणालातरी बरोबर घ्या आणि सामाईक भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना हाक मारून विचारा, ‘तुमच्याकडे ओल येते का हो?’